छायाचित्राची किंमत : काच, कागद आणि हक्क

१/
छायाचित्रकार ग्राहकाला नेमके काय विकतो? चांदीचा मुलामा दिलेला पत्रा, कागद, दिवसभराचे श्रम, नाव, की ते चित्र वापरण्याचा हक्क? गेल्या १८० वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तराने कोणाची तरी भरभराट केली आणि कोणाचे तरी दिवाळे काढले. आज लहान दुकानदारासाठी काम करणारा स्वतंत्र छायाचित्रकार दर ठरवताना अडखळतो, त्यामागे हा सारा इतिहास उभा आहे. त्याचा हा धागा.

२/
आरंभ पॅरिसमध्ये होतो. ७ जानेवारी १८३९ रोजी फ्रांस्वा आरागो यांनी विज्ञान अकादमीपुढे लुई डागेर यांच्या शोधाची घोषणा केली. फ्रेंच सरकारने तो शोध विकत घेतला. मोबदला म्हणून डागेर यांना वर्षाला ६,००० फ्रँक आणि दिवंगत सहकारी न्येप्स यांच्या मुलाला ४,००० फ्रँक निवृत्तिवेतन ठरले. १९ ऑगस्ट रोजी संपूर्ण कृती जाहीर झाली आणि ‘फ्रान्सने जगाला दिलेली देणगी’ म्हणून तिचा गौरव झाला.

३/
ही देणगी इंग्लंडपुरती मात्र फुकट नव्हती. कृती जाहीर होण्याच्या पाच दिवस आधी, १४ ऑगस्टला, डागेर यांच्या वतीने इंग्लंडमध्ये पेटंट घेतले गेले होते. पुढे त्याचे हक्क रिचर्ड बेअर्ड या कोळशाच्या व्यापाऱ्याच्या हाती आले. २३ मार्च १८४१ रोजी त्यांनी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर चित्रगृह उघडले. इंग्लंडमधील व्यावसायिक व्यक्तिचित्रणाचा हा प्रारंभ मानला जातो. दर होता एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग.

४/
सामान्य मजुराला ही रक्कम आठवड्याच्या कमाईतूनही साधणारी नव्हती. त्या गिनीत काय काय सामावले होते, हे पाहण्यासारखे आहे : चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, पारा व इतर रसायने, काच, पेटी, कारागिराचे श्रम आणि या सगळ्यांच्या जोडीला पेटंटचा भार. डागेरोटाइप एकमेव असे. त्याची दुसरी प्रत निघत नसे. त्यामुळे वस्तू आणि चित्र यांची किंमत वेगळी करण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. ग्राहक पेटी घरी नेई आणि व्यवहार तेथेच संपे.

५/
बेअर्ड यांचा खरा व्यापार मात्र चित्रांचा नव्हता, परवान्यांचा होता. इंग्लंडातील शहरे आणि परगणे यांचे हक्क त्यांनी तुकड्यातुकड्याने विकले. परवाना घेणाऱ्याने चढी किंमत मोजलेली असल्याने त्यालाही ग्राहकाकडून चढाच दर घ्यावा लागे. विनापरवाना काम करणाऱ्यांवर बेअर्ड यांनी खटल्यामागून खटले भरले. खटले जिंकूनही खर्च भागेना आणि १८५० च्या सुमारास ते दिवाळखोर ठरले. मक्तेदारीने दर टिकले, पण मक्तेदार टिकला नाही.

६/
याच काळात विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी कॅलोटाइप ही दुसरी पद्धत सिद्ध केली. तीत कागदी निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढता येत. ८ फेब्रुवारी १८४१ रोजी त्यांनी तिचे पेटंट घेतले. व्यावसायिकांकडून ते परवान्याचे जबर शुल्क मागत, म्हणून फारच थोडे व्यावसायिक या पद्धतीकडे वळले. स्कॉटलंडमध्ये हे पेटंट लागू नव्हते. तेथे एडिनबरोत हिल आणि अ‍ॅडमसन या जोडीने १८४३ पासून कॅलोटाइपमध्ये जे काम केले, ते आजही या माध्यमाचा मानदंड समजले जाते.

७/
मग आले फ्रेडरिक स्कॉट आर्चर. मार्च १८५१ मध्ये त्यांनी काचेवरील ओल्या कोलोडियनची कृती प्रसिद्ध केली. डागेरोटाइपची सुबकता आणि कॅलोटाइपची प्रती काढण्याची सोय या दोन्ही गोष्टी तिच्यात एकवटल्या होत्या. आर्चर यांनी पेटंट घेतले नाही. टॅलबट यांनी तीही आपल्याच पेटंटच्या कक्षेत येते असा दावा केला. डिसेंबर १८५४ मध्ये लंडनमधील मार्टिन लारोश या छायाचित्रकारावरील खटल्यात पंचांनी लारोश यांना निर्दोष ठरवले आणि कोलोडियन सर्वांना मोकळे झाले.

८/
या मोकळिकीवर हजारो चित्रगृहे उभी राहिली. आर्चर मात्र मे १८५७ मध्ये दारिद्र्यात वारले. त्यांच्या कुटुंबासाठी व्यावसायिकांमध्ये वर्गणी गोळा करावी लागली आणि मुलांना सरकारी निवृत्तिवेतन मिळाले. अतिरिक्त दर लावणारे बेअर्ड आणि काहीच न मागणारे आर्चर यांची गत अखेर सारखीच झाली. या दोन टोकांच्या मधली वाट शोधणे, हाच यापुढे व्यवसायाचा प्रश्न होऊन बसला.

९/
ती वाट पॅरिसच्या आंद्रे आदोल्फ दिसदेरी यांनी आकडेमोडीने काढली. २७ नोव्हेंबर १८५४ रोजी त्यांनी ‘कार्त द व्हिझित’चे पेटंट घेतले. अनेक भिंगांचा कॅमेरा आणि सरकता काचधारक वापरून एकाच काचेवर आठ चित्रे घेता येत. एकदा छापलेला कागद कापला की आठ छोटी चित्रे हाती येत आणि ती भेटीच्या पत्त्याएवढ्या पुठ्ठ्यावर डकवली जात. काच एक, रसायन एकदा, छपाई एकदा. कापण्या-डकवण्यासाठी कसबी माणूसही लागत नसे.

१०/
पूर्वी एका मोठ्या चित्राला ५० ते १०० फ्रँक पडत. दिसदेरी यांनी १२ लहान चित्रे २० फ्रँकना देऊ केली. म्हणजे प्रत्येक चित्र पावणेदोन फ्रँकांहूनही कमी. ही सूट किंवा दया नव्हती. उत्पादनखर्च आधी मोजून मग ठरवलेला तो दर होता. खर्च उतरला म्हणून दर उतरला आणि दर उतरला म्हणून ज्याने कधी चित्र काढून घेतले नव्हते असा किराणा दुकानदार, शिंपी, कारकून हा सारा वर्ग प्रथमच ग्राहक झाला.

११/
परंतु स्वस्ताईला पहारा नसतो. दिसदेरी यांचे तंत्र कोणालाही उचलता येण्याजोगे होते आणि ते उचलले गेले. गल्लोगल्ली चित्रगृहे निघाली, दर आणखी घसरले आणि प्रत्येक ग्राहकाच्या घरी चित्रसंग्रह भरून गेल्यावर मागणीही ओसरली. ज्यांच्या चित्रगृहात सम्राटाच्या दरबारातील लोक येत असत, ते दिसदेरी १८८९ मध्ये पॅरिस येथे विपन्नावस्थेत निधन पावले. केवळ स्वस्त असणे हेच ज्याचे वैशिष्ट्य, त्याच्यापेक्षा स्वस्त कोणी ना कोणी निघतोच.

१२/
त्याच पॅरिसमध्ये फेलिक्स तुर्नाशोँ यांनी वेगळा मार्ग धरला. जग त्यांना ‘नादार’ या टोपणनावाने ओळखते. त्यांचे धाकटे बंधू आद्रियाँ हेही त्याच नावाने धंदा करू लागले, तेव्हा फेलिक्स यांनी सख्ख्या भावाला न्यायालयात खेचले. डिसेंबर १८५७ मध्ये निकाल फेलिक्स यांच्या बाजूने लागला. कॅमेरा कोणीही विकत घेऊ शकतो, समोर बसलेल्या माणसाचा स्वभाव ओळखणे प्रत्येकाला साधत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. किमतीत आता नावाचा वाटा आला.

१३/
सर्वसामान्य चित्रगृहांचे प्रत्यक्ष दर कसे होते? याचा एक अनपेक्षित पुरावा अमेरिकेत सापडतो. यादवी युद्धाच्या खर्चासाठी १८६४ ते १८६६ या काळात तेथे छायाचित्रांवर कर होता. २५ सेंटपर्यंतच्या चित्राला २ सेंटचे तिकीट, ५० सेंटपर्यंत ३ सेंटचे आणि एका डॉलरपर्यंत ५ सेंटचे. छायाचित्रकार ते चित्राच्या मागे चिकटवून त्यावर आद्याक्षरे लिहून ते रद्द करी. म्हणून त्या काळातील चित्र उलटवले की ते साधारण कितीला विकले गेले हे आजही समजते.

१४/
ब्रिटनमधील कार्डांच्या पाठीमागे दुसरी गंमत आढळते. चित्रगृहाचे नाव, पत्ता, वेलबुट्टी आणि त्याखाली निगेटिव्ह जपून ठेवले असून केव्हाही प्रती मिळतील, अशा आशयाची ओळ. ही ओळ वरकरणी साधी वाटते, पण डागेरोटाइपच्या पेटीत संपणारा व्यवहार तिने कायमचा बदलला. ग्राहकाने कागद नेला, काच चित्रगृहातच राहिली. लग्न, मृत्यू, परगावी जाणे अशा प्रत्येक प्रसंगी तोच ग्राहक पुन्हा येई. पहिल्या खेपेचा दर उतरवणे परवडे, ते या दुसऱ्या खेपेच्या भरवशावर.

१५/
भारतात ही कला झपाट्याने पोहोचली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होत. एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक मुंबईत नावारूपाला आले. हौशी साहेब आणि पोटासाठी काम करणारा देशी छायाचित्रकार यांची स्पर्धा तेव्हापासूनचीच आहे. हौशी माणसाला दर ठरवावा लागत नाही, हे त्या स्पर्धेतील मूळ विषम अंग.

१६/
या स्पर्धेत सर्वांत पुढे गेले ते लाला दीनदयाळ (१८४४–१९०५). रुरकी येथे अभियांत्रिकीचे शिक्षण, इंदूरला सरकारी नोकरी, मग ती सोडून पूर्णवेळ व्यवसाय. हैदराबादचे सहावे निजाम यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. १८९६ मध्ये त्यांनी मुंबईतही चित्रगृह थाटले. त्यांच्या चित्रांवर क्रमांक आढळतात, कारण काचांचा साठा हेच त्यांचे भांडवल होते. किल्ले, मंदिरे, राजवाडे यांची एकदा घेतलेली काच वर्षानुवर्षे पुनःपुन्हा विकता येई. त्यांतील दोन हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

१७/
काच आपल्याजवळ असली तरी दुसऱ्याने चित्राची नक्कल केली तर? हा प्रश्न न्यू यॉर्कच्या नेपोलियन सॅरनी यांच्यापुढे उभा राहिला. १८८२ मध्ये त्यांनी ऑस्कर वाइल्ड यांची चित्रे घेतली. बरो-जाइल्स या शिळाछाप कंपनीने त्यांपैकी ‘क्रमांक १८’च्या ८५,००० प्रती विनापरवानगी छापल्या. छायाचित्र हे यंत्राचे काम आहे, त्याला लेखक कसला, असा कंपनीचा बचाव होता. १७ मार्च १८८४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. बैठक, वेश, पडदे आणि प्रकाश यांची योजना करणारा तो लेखकच, असे न्यायालय म्हणाले.

१८/
सॅरनी यांना मिळालेली भरपाई ६१० डॉलर होती. ८५,००० प्रतींच्या मानाने ती क्षुल्लक होय. परंतु तत्त्व मोलाचे ठरले : ग्राहकाला दिलेली प्रत वेगळी आणि ती प्रत छापण्याचा, वाटण्याचा, जाहिरातीत वापरण्याचा हक्क वेगळा. एकाची किंमत दिली म्हणून दुसरा आपोआप मिळत नाही. छायाचित्रणाच्या दरांच्या इतिहासातील हे सर्वांत महत्त्वाचे वळण म्हणावे लागेल.

१९/
ब्रिटनचा कायदा मात्र उलट दिशेला झुकलेला होता. १८६२ च्या ललितकला कायद्याने छायाचित्राला स्वामित्वहक्क दिला, पण एक मेख ठेवली. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी चित्र काढले असेल, तर लेखी करारात राखून ठेवल्याखेरीज तो हक्क छायाचित्रकाराकडे राहत नसे. व्यक्तिचित्र काढून घेणाऱ्याच्या चेहऱ्याचा बाजार होऊ नये, ही त्यामागची एक रास्त बाजू. पण त्यामुळे पैसे घेऊन केलेल्या प्रत्येक कामात छायाचित्रकार नकळत सर्वस्व विकू लागला.

२०/
दरम्यान ग्राहकाच्या हातीच कॅमेरा आला. १८८८ मध्ये ईस्टमन यांचा कोडॅक २५ डॉलरना निघाला. आत १०० चित्रांची फीत असे. ती धुऊन, छापून, नवी भरून देण्याचे १० डॉलर पडत. १९०० मध्ये ब्राउनी कॅमेरा अवघ्या एका डॉलरला मिळू लागला. ‘हे तर घरीही काढता येईल’ हा ग्राहकाचा युक्तिवाद भ्रमणध्वनीने जन्माला घातलेला नाही. तो शतकाहून जुना आहे आणि त्यानंतरही व्यवसाय टिकला, कारण विकाऊ वस्तू बटण दाबणे ही नव्हतीच.

२१/
विसाव्या शतकात छायाचित्रकार संघटित झाले. १९४४ मध्ये अमेरिकेत नियतकालिकांसाठी काम करणाऱ्यांची संस्था निघाली आणि तिने कामाच्या दिवसाचा किमान दर हा मुद्दा लावून धरला. १९४७ मध्ये रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर, जॉर्ज रॉजर आदींनी ‘मॅग्नम’ ही सहकारी संस्था उभारली. नियतकालिकाने काम दिले तरी निगेटिव्ह आणि स्वामित्वहक्क छायाचित्रकाराचाच, हे तिचे मूलतत्त्व होते. एकच चित्र निरनिराळ्या देशांतील नियतकालिकांना स्वतंत्रपणे देता येऊ लागले.

२२/
आता आजच्या भारताकडे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार छायाचित्र काढणारा हाच त्याचा कर्ता असतो. परंतु कलम १७ मध्ये १८६२ चीच छाया दिसते : एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, उलट करार नसेल तर, काम देणारा असतो. म्हणजे पुण्यातील केकचे दुकान असो वा सोलापुरातील चादरींचा व्यापारी, तोंडी ठरवून दिलेल्या कामात छायाचित्रकार सामान्यतः वेळच नव्हे, तर हक्कही देऊन टाकतो. पुष्कळदा हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नसते.

२३/
उलट करार असेल, तर चित्र बदलते. हक्क स्वतःकडे राखून ग्राहकाला ठरावीक वापराची परवानगी देता येते. अशा व्यवहाराबाबत कलम १९ लेखी स्वरूपाचा आग्रह धरते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दुकानाच्या मेनूकार्डावर एक वर्ष वापर आणि राज्यभर फलकांवर कायमचा वापर, यांना एकच दर लावणे म्हणजे सॅरनी यांचा खटला हरल्यासारखे वागणे होय.

२४/
हक्काआधी खर्च, हा दिसदेरी यांचा धडा. समजा, वर्षभराचा घरखर्च, कॅमेरा व संगणकाची झीज, प्रवास, जागा हे सारे मिळून ६ लाख रुपये होतात आणि पैसे देणारे कामाचे दिवस १०० च मिळतात. उरलेले दिवस संपादनात, ग्राहक शोधण्यात, वसुलीत जातात. मग दिवसाला ६,००० रुपये घेतले तरी केवळ तोंडमिळवणी होते, शिल्लक शून्य. शेजारी ३,००० मागतो म्हणून ३,००० घेणारा छायाचित्रकार उरलेला निम्मा खर्च स्वतःच्या खिशातून भरत असतो.

२५/
लहान ग्राहकाची अडचणही खोटी नसते. त्याची वर्षाची जाहिरातच थोडी असते. पण त्याच्यासाठी दर पाडण्यापेक्षा काम आटोपशीर करणे, ही इतिहासात सिद्ध झालेली रीत आहे. दिसदेरी यांनी मोठे चित्र अर्ध्या दरात दिले नाही, लहान चित्र लहान दरात दिले. दहाऐवजी चार चित्रे, दिवसाऐवजी दोन तास, सर्व माध्यमांऐवजी एकाच माध्यमात वापर. पुढे दुकान वाढले, नवी शाखा निघाली, की जपून ठेवलेल्या निगेटिव्हप्रमाणे त्याच चित्रांच्या वापराची मुदत वाढवून घेता येते.

२६/
१८६० च्या दशकातील छायाचित्रकार कार्डाच्या पाठीमागे आपल्या व्यवहाराची अट छापत असे. आजच्या छायाचित्राला पाठ नाही, म्हणून ती अट दरपत्रकावर यावी लागते : किती चित्रे, कोठे वापरायची, किती काळ आणि हक्क कोणाचा. या चार ओळी लिहायला पाच मिनिटे लागतात. टॅलबट, लारोश आणि सॅरनी यांच्यासारख्यांना त्यांतील एकेका ओळीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली होती.

(धागा समाप्त)